पाऊस तेवढाच, मग पाणी जातं कुठं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

नमस्कार मंडळी. मागच्या अंकात म्हटलं होतं की हवामान बदल आणि आपल्या नद्या यावर तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं, ईमेल, व्हॉट्सअॅप मेसेज मिळून एवढं आलंय की दोन रात्री नुसतं वाचतच बसले होते. सगळ्यांना जागा देता येणार नाही, म्हणून ज्यात बऱ्याच जणांचा प्रश्न एकत्र सापडतो असे थोडे निवडलेत. नावं टाकलेली नाहीत, गाव-तालुका तेवढा ठेवलाय. मी स्वतः माण तालुक्यातली, भूजलाच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळं उत्तरात माझी विहीर अधूनमधून डोकावणार.

प्रश्न : ताई, आमचं गाव शिरोळ तालुक्यात, घर नदीपासून अर्धा-पाऊण किलोमीटर. २००५ ला पाणी आलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, असला पूर आता परत बघायला मिळायचा नाही. २०१९ ला छपराला पाणी लागलं, २०२१ ला परत. गव्हाची पोती कुजून जो वास सुटला होता तो अजून नाकातनं जात नाही. सगळे म्हणतात खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणामुळं होतंय. खरं काय ते सांगा, आणि घर आम्ही इथंच परत उभं करायचं का तेही सांगा. (शिरोळ, जि. कोल्हापूर)

दादा, आधी आजोबांचं बोलू. आजोबा चुकले नव्हते. त्यांनी जन्मभर जो पाऊस बघितला त्यावरनं त्यांनी हिशोब मांडला आणि त्या पावसापुरता तो बरोबरच होता. अडचण अशी झालीय की सरकार, इंजिनिअर, आपण सगळे अजून तोच हिशोब धरून बसलोय. नदीकाठाला निळी आणि लाल पूररेषा आखतात बघा, त्यातली निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल असा पूर आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल असा. लोकांना वाटतं शंभर वर्षांतला पूर येऊन गेला म्हणजे आता आपल्या हयातीत निवांत. तसं नसतं. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ, आणि ती शक्यता काढलेली असते जुन्या नोंदींवरनं. पाऊसच बदलला तर शंभरातली एक कधी तीन-चार होते कळतही नाही, आणि रेषा मात्र नकाशावर आहे तिथंच.

पाऊस बदललाय हे आता अंदाजपंचे राहिलेलं नाही. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, हे साधं भौतिकशास्त्र आहे. आपल्या बाजूचा उष्ण कटिबंधातला हिंदी महासागर १९५१ ते २०१५ या काळात जवळपास १ अंशानं तापला. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीनं वाढल्यात, आणि त्यासाठी लागणारं बाष्प मुख्यतः अरबी समुद्राकडनं येतंय. आता दुसरी बाजू बघा. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस एकूणात सुमारे ६ टक्क्यांनी कमी झाला, आणि जिथं तो कमी झाला त्यात आपला पश्चिम घाट आहे. म्हणजे एकूण कमी, पण एका दमात पडणारा जास्त. हे एवढं ध्यानात ठेवा, खालच्या बहुतेक उत्तरांत तेच फिरून फिरून येणार आहे.

आता तुमचं २०१९ आठवा. जून कोरडा गेला होता, लोक आभाळाकडं डोळे लावून होते. जुलैच्या शेवटाला घाटात लागला तो थांबेचना, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणं भरत आलेली आणि वरनं पाऊस चालूच. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फूट ७ इंचांवर गेली, धोका पातळी आहे ४३ फूट. सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर. आणि त्याच दिवसांत त्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडं, टँकर फिरत होते. आमच्या माणमध्ये जनावरं छावणीत बांधलेली होती. टीव्हीवर सांगलीत बोटी दाखवत होते आणि आमच्या शेजारच्या काकू छावणीवर चारा आणायला निघाल्या होत्या. एकाच नदीच्या खोऱ्यात, एकाच आठवड्यात. २०२१ ला तर महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलीमीटर पडला, पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात पडतो जवळपास तेवढा.

अलमट्टीबद्दल. कृष्णेला सांगलीच्या पुढं उतार फार कमी, पाणी पळत नाही, रेंगाळतं. त्यात नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते, कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं जायला वाटच मिळत नाही आणि ती मागं फुगते. तुमच्याकडं दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार झालं, की लोक स्नानाला धावायचे, पुराचं अप्रूप होतं, आता पाणी वाढलं की पहिल्यांदा गाठोडी बांधतात. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं बोट ठेवलं ते कमी दिवसांत झालेल्या प्रचंड पावसावर आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांवर, अलमट्टीला त्यांनी कारण मानलं नाही. तुमच्या भागात हे अनेकांना पटलेलं नाही हे मला माहितीय, आणि कर्नाटकाला अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवरनं ५२४ च्या वर न्यायची आहे त्याची धास्ती वाटणं अगदी बरोबर आहे, माझाही त्याला विरोध आहे. दोन राज्यांनी पावसाळ्यात विसर्गाचा तासातासाचा ताळमेळ ठेवायलाच पाहिजे. पण अलमट्टीचे सगळे दरवाजे उघडे ठेवले तरी ५९४ मिलीमीटर पडायचा तो पडणारच आहे, आणि सगळा राग एका धरणावर काढला की नदीच्या पात्रात भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींकडं कुणी बघत नाही.

आणि धरण चालवणाऱ्याची अडचणही समजून घ्या. कोयना धरण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे काय ते पुढच्याच उत्तरात आहे). जुलैअखेर भरत आलं की आपण सगळे खूश होतो, वीज झाली, उन्हाळ्याची सोय झाली. पण भरलेल्या धरणाला पुढचा पूर पोटात घ्यायला जागा नसते. मग रिकामं ठेवावं म्हटलं आणि ऑगस्ट कोरडा गेला तर? २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी ज्यांनी पाणी सोडून दिलं असतं त्यांना लोकांनी उभं जाळलं असतं. यावर मला एकच मार्ग दिसतो, धरण तारखेवर न चालवता अंदाजावर चालवायचं. हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतं, त्याच्या आत पाच-सात दिवसांचा बऱ्यापैकी पक्का असतो. तो बघून पूर यायच्या आधी, नदी खाली असताना, थोडं थोडं सोडत राहायचं. एकदम सोडण्यापेक्षा हे बरं.

घराचं म्हणाल तर, दुसरीकडं उंचावर प्लॉट मिळत असेल तर घ्या, लांब पडला तरी घ्या. नाहीच जमलं आणि तिथंच बांधायचं झालं तर २०२१ च्या पाण्याची भिंतीवर जी खूण आहे ती पुसू नका, रंग देताना तेवढी पट्टी सोडा. त्या खुणेच्या खाली धान्य, लाइटचं मीटर, म्हाताऱ्या माणसाचं अंथरूण यातलं काही नको.

प्रश्न : टीएमसी आणि क्युसेक म्हणजे नक्की काय? बातम्यांत रोज ऐकतो पण डोळ्यासमोर काही येत नाही. (बारामती)

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. हे साठ्याचं माप. क्युसेक हे वाहण्याचं माप, सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८ लिटरच्या थोडं वर, घरातली दीड-दोन घागर म्हणा. दोन्हीची सांगड अशी घाला : ११,५७४ क्युसेकनं एक अख्खा दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी जातं. २०२४ च्या जुलैमध्ये खडकवासल्यातनं ३५ हजारांच्या आसपास विसर्ग झाला आणि पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरलं, तो वेग दिवसभर राहिला असता तर तीन टीएमसी.

प्रश्न : २०१६ ला आम्हाला रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते अजून विसरलो नाही. आता कितीदा पेपरात येतं की सरासरीच्या शंभर टक्के पाऊस झाला, धरण भरलं. मग फेब्रुवारी लागला की बोअर गचके का खातंय? (लातूर)

ही सरासरीच आपला घात करते. सरासरी सांगते किती पडला. कसा पडला ते सांगत नाही.

आमच्या माणमधल्या विहिरीला आत उतरायला दगडी पायऱ्या आहेत. वडील दर अमावस्येला जाऊन किती पायऱ्या उघड्या पडल्या ते मोजायचे आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात बारीक आकड्यात लिहायचे, त्याच चौकोनात दूधवाल्याचं पण असायचं, गॅसचं पण असायचं. ते गेल्यावर मी ती कॅलेंडरं जपून ठेवली आणि तालुक्याच्या पावसाच्या नोंदींशेजारी लावून बघितली. दोन वर्षं अशी सापडली की पाऊस जवळपास सारखा, पण एका वर्षी तो रिमझिम, पाच-सात दिवसांची झड, परत उघडीप, परत झड असा आलेला आणि दुसऱ्या वर्षी अर्धाअधिक तीन-चार दिवसांत. पहिल्या वर्षी संक्रांतीला पायऱ्या अर्ध्या पाण्यात होत्या. दुसऱ्या वर्षी संक्रांतीला वडिलांनी लिहिलंय, "तळ दिसतो." पाऊस तोच, विहीर तीच, माणूस तोच.

कारण आपल्या पायाखालचा दगड. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, काळा पाषाण. त्याच्या अंगात पाणी फार मावत नाही, मावतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पहिलं पाणी त्यातनं आत जातं, पण माती भिजली की फुगते आणि स्वतःच तोंड बंद करून घेते. त्यानंतर तासाभरात ऐंशी मिलीमीटर पडला तर त्यातला बराचसा बांध फोडून ओढ्याला जातो. तोच ऐंशी आठवडाभरात पडला तर मुरतो. एक एकरावर १० मिलीमीटर पाऊस म्हणजे ४० हजार लिटर पाणी, चार टँकर. झडीत ते जमिनीत जातं, ढगफुटीसारख्या पावसात मांजरा नदीत आणि तिथनं खाली.

लातूरचं २०१६ तर बघाच. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली, सुमारे ३४० किलोमीटर, पहिल्या गाडीला १० वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असा पाऊस लागला की मांजरा भरून दरवाजे उघडावे लागले. सहा महिन्यांत दोन्ही टोकं बघितली तुम्ही.

बोअर हजार फूट नेलं की तुम्ही जे पाणी उपसता ते यंदाच्या पावसाचं नसतं, कैक वर्षांपूर्वी मुरलेलं असतं, आणि ते भरून यायला परत तेवढीच वर्षं लागतात. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, शंभर टक्के पाऊस झाला या बातमीवर ऊस लावू नका. दिवाळीनंतर विहिरीत किती पाणी आहे ते मोजा आणि त्यावर रब्बी ठरवा. राज्यात लागवडीच्या चार-पाच टक्के जमिनीवर असलेला ऊस सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी पितो, मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर ऊस म्हणजे नातवाच्या ताटातलं काढून आज जेवणं आहे, मला हे कडू वाटलं तरी लिहावंच लागतंय. ऊस लावणाऱ्याचं कारणही मला कळतं, हमखास पैसा देणारं दुसरं पीक कुठाय? तूर, हरभरा, करडईला तसा खात्रीचा भाव आणि खरेदी द्या, शेतकरी स्वतःहून वळेल.

प्रश्न : आमच्या हक्काचं पाणी दर दोन-चार वर्षांनी खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला का सोडतात? गंगापूर, दारणा आम्ही बांधली ती काय दुसऱ्यांसाठी? (निफाड, जि. नाशिक)

पाणी आकाशातनं पडतं, ते नाशिकचं किंवा पैठणचं म्हणून पडत नाही. राज्याच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात समन्यायी वाटपाचं तत्त्व आलं, त्यानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमाराला हिशोब होतो आणि जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल तर वरच्या धरणांनी ठरलेल्या सूत्रानं सोडायचं. २०२३ ला ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तो असाच. तुमचा राग मला समजतो, द्राक्षबाग एकदा वाळली की पुढची तीन-चार वर्षं गेली. पण पैठणच्या खालचा माणूस पण तुमच्यासारखाच मोसंबीची बाग घेऊन बसलाय, आणि त्यानं तर बागाच्या बागा तोडून सरपण केलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

या भांडणाच्या मुळाशी एक गोष्ट आहे तिकडं लक्ष वेधते. आपण पाणी वाटलंय ते जुन्या पावसावर. कृष्णेचंच घ्या, बच्छावत लवादानं १८९४ पासूनच्या ७८ वर्षांच्या नोंदी घेऊन म्हटलं, चारातल्या तीन वर्षी कृष्णेत किमान २०६० टीएमसी येतं, आणि ते तीन राज्यांत वाटून दिलं. पण पाऊसच आता कमी दिवसांत पडणार असेल तर वर्षाचा आकडा जुळला तरी उपयोग काय, पुरात आलेलं पाणी समुद्राला गेलं की कागदावर ते तुमच्या वाट्याचं असतं आणि कालव्यात नसतं. म्हणून वाट्याचे हे हिशोब दर दहा-पंधरा वर्षांनी नव्या नोंदींवर परत मांडायला हवेत. नदीनं आपलं वागणं बदललं आणि आपण करार तोच धरून बसलो तर भांडणं वाढणारच.

प्रश्न : मी नोकरीमुळं दिल्लीत असते. इथं २०२३ ला यमुनेचा पूर बघितला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरमागं धावले. आपल्या सह्याद्रीच्या नद्यांना बर्फ नाही, म्हणजे आपल्याला हिमनद्या वितळण्याची काळजी नाही ना? (मूळ गाव वाई)

थेट काळजी नाही, बरोबर. आपल्या नद्या पावसाच्या पोटच्या, पाऊस संपला की झऱ्यांवर जगणाऱ्या. गंगा, सिंधू, ब्रह्मपुत्रेला पाऊस आणि बर्फ दोन्हीचा आधार. तिथली भीती दोन टप्प्यांची आहे : आधी बर्फ जास्त वितळून पाणी वाढतं, सरोवरं फुगतात आणि फुटतात, आणि पुढं बर्फ आटत गेलं की ऐन उन्हाळ्यातलं पाणी कमी होतं. आयसीमॉड या काठमांडूच्या संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं की हिंदुकुश-हिमालयात २०११ ते २०२० या दशकात बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण रात्रीत वाहून गेलं.

तुम्ही दिल्लीत जे बघितलं, २०२३ च्या जुलैत यमुना २०८.६६ मीटरवर, १९७८ चा रेकॉर्ड मोडून, ते मुख्यतः हिमाचल-हरियाणातल्या धो धो पावसाचं होतं. म्हणजे वाईत काय आणि दिल्लीत काय, पावसाची तऱ्हा तीच.

प्रश्न : आमच्याकडं एवढा पाऊस की कपडे वाळत नाहीत, आणि एप्रिल लागला की वाडीवर टँकर. लोकांना सांगितलं तर खोटं वाटतं. (गुहागर, जि. रत्नागिरी)

मला नाही वाटत खोटं, मी तुमच्याकडच्या सड्यावर मे महिन्यात फिरलेय, कातळावर पाय भाजतात. तीन हजार मिलीमीटर पाऊस, पण जांभ्या दगडातनं पाणी चाळणीतनं जावं तसं खाली जातं आणि डोंगराच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर पडतं. नद्या आखूड, उतार उभा, पडलेलं पाणी काही तासांत खाडीला. झरा मेपर्यंत टिकायचा तो वरच्या जंगलामुळं आणि परतीच्या पावसामुळं. जंगल तुटलं, माळावर जेसीबीनं सपाटीकरण झालं आणि परतीचा पाऊस कधी येतो कधी नाही, मग झरा फेब्रुवारीतच आटतो. तापलेल्या उन्हात बाष्पीभवन वाढतं ते वेगळंच.

तुमच्याकडं मोठ्या धरणापेक्षा छोट्या गोष्टी जास्त कामाला येतात. दसऱ्यानंतर ओढ्याला धार आहे तोवर पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घाला, एकाखाली एक, चार-पाच. पागोळ्यांचं पाणी गाळून विहिरीकडं वळवा. आणि ज्या डोंगरावरनं तुमच्या झऱ्याला पाणी येतं तो डोंगर नक्की कुठला हे आधी शोधा, कारण कितीदा तो शेजारच्या गावाच्या हद्दीत असतो आणि तिथली झाडं तुटली की तुमची विहीर आटते.

प्रश्न : ताई, आम्ही माढा तालुक्यातल्या. सीना नदी आमच्याकडं उन्हाळ्यात अशी असते की पोरं पात्रात क्रिकेट खेळतात. २०२५ च्या सप्टेंबरात तिनं घर, दोन म्हशी आणि सव्वा एकरातली माती नेली. वावरात आता नुसता खडक दिसतोय. आमचा तालुका दुष्काळी म्हणून लिहिलेला, आम्हाला पूर कसा आला? (माढा, जि. सोलापूर)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. म्हशींची नावं तुम्ही लिहिलीत ती इथं छापलेली नाहीत, पण माझ्या लक्षात राहिली.

दुष्काळी तालुक्याला पूर येत नाही, ही समजूतच आता मोडीत निघाली. त्या वर्षी मान्सून मेमध्येच आला, केरळात २४ ला आणि मुंबईत २६ ला, मुंबईच्या नोंदीतला सगळ्यात लवकरचा. सप्टेंबरपर्यंत जमीन तुडुंब भिजलेली, तलाव भरलेले, मग शेवटच्या आठवड्यांत अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडं जो पडला त्याला मुरायला जागाच नव्हती. सीना त्या सगळ्या भागाचं पाणी घेऊन तुमच्याकडं येते, वरच्या ओढ्या-नाल्यांनी एकदमच सोडलं आणि सोलापूर-पुणे हायवे लांबोटीपाशी बंद करावा लागला. कोरड्या नदीचा धोका असा की तिच्या पात्राचा धाक उरत नाही, लोक काठ नांगरत नांगरत आत जातात, वाळू उपसली जाते, बाभळी तोडल्या जातात. मग पाणी आलं की त्याला अडवायला मुळं नसतात आणि ते सरळ वावरातनं वाट काढतं.

पावसाचं जायचं वेळापत्रकही हललंय. पूर्वी राजस्थानातनं मान्सूनची परत फिरायची सरासरी तारीख १ सप्टेंबर धरायचे, २०२० मध्ये हवामान खात्यानंच ती १७ सप्टेंबर केली, मुंबईची २९ सप्टेंबरवरनं ८ ऑक्टोबर. आपलं सोयाबीन, मूग, उडीद काढायचे ते हेच दिवस, आणि धरणं काठोकाठ भरून ठेवायचेही हेच दिवस. पूर्वी उत्तरा-हस्ताचा पाऊस रब्बीला ओल द्यायचा म्हणून आपण त्याची वाट बघायचो, आता तोच उभ्या पिकावर येतो.

जमिनीचं. वाहून गेलेली माती म्हणजे पीक नव्हे की पुढच्या हंगामात परत येईल. पंचनाम्यात "पीक नुकसान" आणि "जमीन खरडून गेली" या दोन वेगळ्या गोष्टी असतात, तुमची दुसरी आहे, तलाठ्याकडं ती तशीच लिहून घेतलीय का ते सातबारा हातात धरून तपासा, नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसरं म्हणजे तळ्यातला गाळ. उन्हाळ्यात आसपासच्या पाझर तलावांतला गाळ काढायची कामं निघतात, तो आणून टाकला तर दोन-तीन वर्षांत जमीन पिकायला लागते, पण आधी खडकाच्या उताराला आडवी ताल, म्हणजे बांध, घाला, नाहीतर गाळही जाईल. पहिली दोन वर्षं ताग पेरून गाडा. नदीकडच्या बाजूला दहा-पंधरा फूट पट्टी सोडून वाळा आणि बांबू लावा, ती पट्टी गेल्याचं दुःख होईल, पण राहिलेलं एकर तीच पट्टी धरून ठेवेल.

आणि गावात एक गोष्ट करून घ्या. वरच्या गावांत, परंड्यापर्यंत, एकेका माणसाचा फोन नंबर घ्या आणि ग्रुप करा. सरकारी इशारा यायचा तेव्हा येईल, पण वरच्या पुलाला पाणी लागलं हे तिथल्या माणसानं रात्री अकराला कळवलं तर म्हशींची दावी सोडायला तुम्हाला काही तास मिळतात.

प्रश्न : मी नववीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी आमच्या गावचा पाऊस मोजायचाय, पण पर्जन्यमापक महाग आहे. काय करू? (दहिवडी, जि. सातारा)

बाळा, माझ्या तालुक्यातनं हा प्रश्न आला याचा मला किती आनंद झाला सांगू. सरळ उभ्या भिंतीचा, बूड सपाट असलेला काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा घे, तोंड आणि बूड सारख्याच मापाचं पाहिजे, निमुळता नको. बाहेरनं पट्टी चिकटव, शून्य बरोबर आतल्या बुडाशी आलं पाहिजे. उघड्यावर ठेव, झाडाखाली नको, पत्र्याच्या पागोळीखाली नको, भिंतीपासून लांब, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून भोवती दोन विटा लाव. रोज सकाळी साडेआठला वाच, हवामान खातंही तेव्हाच वाचतं, मिलीमीटरमध्ये लिही आणि पाणी ओतून टाक. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं, मोकळी जागा सोडायची नाही. अडीच मिलीमीटर किंवा जास्त पडला तर तो "पावसाचा दिवस", त्याला शेजारी लाल टिंब दे.

शेवटी एकूण मिलीमीटर तर काढच, पण लाल टिंबं किती झाली तेही मोज, आणि सगळ्यात मोठ्या तीन दिवसांत मिळून एकूण पावसातला किती भाग पडला तेही काढ. आणि जमलं तर घराजवळच्या एखाद्या विहिरीच्या पायऱ्या मोज, दर अमावस्येला. वही भरली की मला पाठव, मी वडिलांच्या कॅलेंडरांशेजारी ठेवून बघेन आणि काय दिसलं ते तुला कळवेन.